मधल्या घागऱ्याची घडी

"कात्री लावायची तर खुशाल लाव. पर शिवून झालं की पयल्यांदा मला नेसव. घडी मी मोडणार. मग ते कुणाच्याबी अंगाला लागू दे."

हरणाबाई हे बोलली तेव्हा आम्ही दोघी आमच्या देवघरापुढं बसलो होतो. समई जळत होती. म्हणून मी 'व्हय' म्हटलं ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं.

नवं लुगडं घरात आलं की त्याची घडी कुणी मोडायची, पहिल्यांदा अंगाला कुणी लावायचं, याला आमच्याकडं मान असतो. नवी सून असली तर तिचा, माहेरी आलेली लेक असली तर तिचा. हरणाबाईला हा मान उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. तिनं तो माझ्याकडं मागितला, आणि तोही इटलीतल्या एका राणीच्या घागऱ्यासाठी.

औंधात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शिवणगटाची खोली आहे. गटाची अध्यक्ष पल्लवी. पोरगी शिकलेली, चुणचुणीत, कामं मिळवून आणते; तिच्यामुळं आमची मशीनं चालतात हे मी नाकारत नाही. साताऱ्यात शाळांच्या गॅदरिंगला ड्रेस भाड्यानं देणाऱ्या उदयसिंहांना तिनंच गाठलं आणि खोलीवर घेऊन आली. त्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं.

"ही पाचशे वर्षांपूर्वीची इटलीतली सरदारीण बघा काकी. पाचगणीच्या एका शाळेत नाटक बसतंय. असल्या सरदारणी शिवायच्यात, आन् ही मधली त्यांची राणी."

"हिनं अंगावर घातलंय तरी किती?" मी विचारलं.

"थरावर थर. एकावर एक घागरे."

"मग बसत कशी आसंल ही?" दारातून हरणाबाई म्हणाली.

हरणाबाई म्हणजे आमच्या शेजारची धनगराची म्हातारी. आमच्या खोलीतल्या चिंध्या ती वाकळेसाठी गोळा करायची, आणि त्या निमित्तानं दिवसभर उंबऱ्यावर बसून आमच्यावर शेरे मारायची.

"राण्या बसत न्हाईत, आजी," उदयसिंह हसले. "उभ्या राहून हुकूम सोडत्यात."

"मग आमीबी राण्याच की रं. आमाला तरी कुणी बसू दिलं?"

सगळ्या बाया हसल्या. पल्लवीही हसली. ते मला आठवतं, कारण पुढं जे झालं त्यात हसणारं कुणी उरलं नाही.

काम मला आवडलं. खोटं कशाला बोलू, देवाचं सोडलं तर इतकं मन मी कशात घातलं नव्हतं. सगळ्यात आत एक जाड परकर, त्याच्या घेरात कळकाच्या कामट्या गोल गोल ओवलेल्या, म्हणजे घागरा पायांना चिकटत नाही, घंटेसारखा उभा राहतो. हरणाबाईनं तो बघितला आणि म्हणाली, "हे काय गं, कोंबड्या झाकायचं डालगं?" त्याच्यावर मधला घागरा. आणि सगळ्यात वर जड मखमलीचा घेर, कमरेला बारीक चुण्या घातलेला. पण हा वरचा घेर पुढून उघडा असतो. पडदा दोन्हीकडं सारावा तसा तो बाजूला होतो आणि मधोमध, कमरेपासून पायापर्यंत, मधला घागरा दिसतो. बघणाऱ्याची नजर जाते ती त्याच्यावरच. प्रत्येक थर वेगळा, प्रत्येकाचा नाडा वेगळा.

मधल्या घागऱ्यासाठी उदयसिंहांनी चकचकीत कापड धाडलं होतं. बाकीच्या सरदारणींना ते खपून गेलं. राणीच्या मखमलीखाली मात्र ते मांडवाच्या झालरीसारखं दिसायला लागलं. मी ते दोनदा उसवलं. हरणाबाई बघत होती. काही बोलली नाही, हेच नवल.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं तर आत इरकल लुगडं, डाळिंबी अंगाचं, काठ भरदार, पदर लालभडक. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला. घडी जशीच्या तशी होती. दुकानदारानं घातलेली.

"आमच्या ज्योतिबानं खरसुंडीच्या जत्रंतनं आणलं हुतं," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती आता घेत होती. "सणाला नेस म्हणला. मेंढरं घिऊन गेला त्यो सणाच्या आधीच पान लागून मेला, साप चावला रानात. सासू म्हणली, हे आता तुझ्या अंगाला लागायचं न्हाई. मग लेकीच्या लग्नात दिलं. तिच्या सासूनं परत धाडलं. रांडावलेल्या बाईचं लुगडं आमच्या घरात नको म्हणली."

मी लुगड्यावरून हात फिरवला. इतकी वर्षं पेटीत राहून त्याला एक डाग नव्हता.

"हे लाव तुझ्या राणीला," हरणाबाई म्हणाली. आणि मग ती अट घातली, जी मी वर सांगितली.

मी 'व्हय' म्हटलं, समईकडं बघून.

माझ्या बोलण्याला किंमत आहे असं मी मानते, कारण मी फार बोलत नाही. पहाटे उठल्यापासून मूळपीठाच्या डोंगरावर जाऊन यमाईचं दर्शन घेऊन, घरी येऊन देवापुढं दिवा लावेपर्यंत माझं तोंड बंद असतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दिलेला हा नेम आहे. आवाजही मूळचा बारीक. गटातल्या बाया म्हणतात, मायाकाकी रागावल्या तरी शेजारच्या मशीनला कळत नाही.

तर त्या घागऱ्यात मी लाल पदर पुढं मधोमध घेतला आणि काठ खाली सगळ्या घेराला फिरवला. शिवून झाल्यावर मशीनवरच्या बाया उठून बघायला आल्या. न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी उदयसिंह बघायला आले, त्यांनीही तोंडात बोटं घातली.

"काकी, हे असलं साताऱ्यात न्हाई, पुण्यात न्हाई. उद्या सकाळी गाडी आणतो."

"आणा," मी म्हटलं. "मी डोंगरावरनं आले की हरणाबाईला आधी नेसवायचंय. तिला घडी मोडू दे, मग गाडीत घाला."

पल्लवीनं मशीन थांबवलं. "हरणाआजींना?"

"तिचं लुगडं हाय. तिला कबूल केलंय मी."

पल्लवी उठून जवळ आली, हळू आवाजात बोलायला लागली. कुणाचं वाईट बोलायचं असलं की लोक आवाज हळू करतात, हे मी फार बघितलंय.

"काकी, राग मानू नका. पर ते बरं दिसत न्हाई. शाळेतल्या कुमारिका पोरी घालणार. त्यांच्या आयांना कळलं की आधी एका..."

"एका काय?"

"तुमाला समजलंय की."

"कात्री लागली तवाच घडी मोडली म्हणा की," उदयसिंहांनी तोड काढली. "झालं मग. प्रश्नच मिटला."

"अंगाला लागल्याबिगर घडी मोडत न्हाई," मी म्हटलं. "पल्लवी, तुझ्या लग्नातल्या शालूचं ब्लाऊजपीस मीच कापलं हुतं. तवा त्याची घडी मी मोडली, असं म्हणाली हुतीस का गं तू?"

ती आपल्या मशीनकडं वळली. उदयसिंह मात्र हसतमुखानं पुढं झाले.

"आवं काकी, मी स्वतः असलं काय मानत न्हाई. पर गिऱ्हाईक मानतंय."

या माणसांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मानणारा निदान समोर उभा राहून म्हणतो की मी मानतो; त्याच्याशी भांडता येतं. हे म्हणतात मानत नाही, आणि वागतात मानणाऱ्याच्या वरताण. वर आपण मोकळ्या मनाचे म्हणून मिरवायला मोकळे. आणि मला, दर मंगळवारी पाण्याचा थेंबही न घेता निरंकार उपास धरणाऱ्या बाईला, हे लोक शुभ-अशुभ शिकवणार! मी इतकी वर्षं देवीच्या दारात जाते. हरणाबाई माझ्याबरोबर कितीदा आली. तिनं वाहिलेलं फूल देवीनं कधी बाजूला सारल्याचं मी पाहिलं नाही.

"नाटकातल्या राणीचा नवरा कुठाय?" मी विचारलं.

"आं?"

"सरदारणी हायत, राणी हाय. राजा न्हाई शिवायला सांगितला तुमी."

"त्यो नाटक सुरू व्हायच्या आधीच मेलेला हाय. म्हणून तर ती राज्य चालवती."

"म्हणजे ती विधवा."

मशीनवरच्या बाया माना वर करून बघायला लागल्या.

"आवं, ते नाटक हाय," उदयसिंह म्हणाले. "इटलीतलं."

"मग विधवेनं रेशीम नेसायचं तर इटलीला जाऊन जन्म घ्यावा लागतो व्हय?"

आवाज माझा तेवढाच होता. पण कान माझेच तापले होते. पल्लवी म्हणाली, "बरं काकी, तुमी म्हणताय तसं." इतक्या पटकन म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पहाटे डोंगर चढले, देवीला नमस्कार केला, उतरले. हवेत गारठा होता. गावात शिरताना उदयसिंहांची गाडी समोरून आली आणि मला बघून न थांबता साताऱ्याच्या फाट्याकडं वळली. मागच्या काचेतून चादरीत बांधलेली मखमल दिसली. कामट्यांचा घेर डिकीत मावत नव्हता म्हणून दोरीनं आवळला होता.

खोलीच्या दाराला पल्लवी कुलूप लावत होती.

"काकी, त्यांना लय घाई हुती," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. "मी थांबा म्हणलं, पर पाचगणीला आजच रंगीत तालीम हाय म्हणं."

मी तिच्यासमोर उभी राहिले. तोंड उघडता येत नव्हतं. आणि हे तिला माहीत होतं. गावातल्या पोरासोरांना माहीत आहे की मायाकाकी दिवा लावेपर्यंत बोलत नाही. ज्या वेळात मी देवीसाठी तोंड बंद ठेवते, नेमका तोच वेळ या दोघांनी माझं तोंड बंद आहे म्हणून निवडला. माझ्या नेमाचाच त्यांनी आडोसा केला. नुसतं मला फसवलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. यांनी देवीला त्यात ओढलं.

मी तशीच घरी गेले. रागात दोन काड्या मोडल्या. शेवटी समई लागली, मी डोळे पुसले, आणि खाली पाटावर बघितलं.

पाटावर मधला घागरा होता.

नवं शिवलेलं खास कापड मी एक रात्र देवीपुढं ठेवते आणि काठाला कुंकवाचं बोट लावूनच पुढं देते. आदल्या संध्याकाळी मीच तो घरी आणला होता. रागाच्या भरात माझ्याच ध्यानातून गेलं होतं. खोलीत उरला होता तो कामट्यांचा परकर आणि त्याच्यावर मखमल. वरून बघणाऱ्याला राणी पुरी दिसत होती. दोघांपैकी कुणी चादर बांधताना आत बघितलं नव्हतं.

मला हसू आलं असतं. पण तेवढ्यात आमचे हे अंगणातून आत आले. हे लष्करात होते. वाईट बातमी सांगायची तर सरळ उभे राहून सांगतात.

"हरणाबाई गेली तासगावला, लेकीकडं. पयल्या गाडीनं."

"आज? आज तिला नेसवायचं हुतं."

"काल सांजच्याला पल्लवी तिच्या दारात गेली हुती म्हणं. म्हणाली, आजी, थोडे दिवस खोलीकडं येऊ नका, बाहेरची गिऱ्हाइकं येत्यात." मग म्हणाले, "तुला निरोप हाय. मायाला सांगा म्हणाली, मला काय नको. कापड चांगल्या जागी लागलं, झालं."

चिंध्या गोळा करणारी म्हातारी! आमच्या हसण्यातलं अर्धं हसू तिचं होतं. तिच्या सासूनं तिला एकदा सांगितलं, लेकीच्या सासूनं दुसऱ्यांदा सांगितलं, आणि आता आम्ही, बायकांचा गट म्हणवणाऱ्या, भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो लावणाऱ्या आम्ही, तिला तिसऱ्यांदा तेच सांगितलं होतं.

दुपारी फोन वाजला.

"काकी, लय मोठा घोळ झाला!" उदयसिंह ओरडत होते. मागं पोरींच्या हसण्याचा गलका होता. "राणी पुढनं उघडी हाय! सगळं डालगं दिसतंय! मॅडम मला म्हणत्यात, हे काय पोल्ट्रीचं नाटक हाय का!"

"मधला घागरा घातला न्हाई तर दिसणारच."

"त्यो कुठाय?"

"माझ्याकडं. देवीपुढं."

"मग पाठवा की! आत्ता पाठवा. सातारच्या गाडीला कंडक्टरकडं द्या, मी स्टँडवर घेतो. शनिवारी नाटक हाय काकी."

"शनिवारच्या आधी मिळंल तुमाला. घडी मोडून झाली की."

ते एकदम गोड झाले. "आवं मग मोडा की. मी कुठं नको म्हणतोय? आजींना घरातल्या घरात नेसवा, दार लावून. कुणाला कळतंय? मी बी कुणाला सांगत न्हाई."

मी फोन कानापासून थोडा लांब धरला. दार लावून! जिला इतकी वर्षं पेटीत बंद केलं तिचा मानही आता दार लावून करायचा. चोरी केल्यासारखा.

"उदयसिंह," मी म्हटलं, "दार उघडं ठेवून नेसवणार हाय मी. आन् तुमी तुमच्या मॅडमला सांगायचं, ह्या घागऱ्याची घडी औंधच्या हरणाबाईनं मोडली. त्यांना चालत नसंल तर त्यांनी तसं मला सांगावं. मी कापड परत पेटीत ठेवीन. तुमची राणी डालग्यात उभी राहू दे."

"काकी, तुमी एवढ्या गरीब स्वभावाच्या, आन्..."

"सांगताय का?"

ते म्हणाले, "विचारतो." तासाभरानं परत फोन आला. आवाज उतरलेला होता. "मॅडम म्हणाल्या, घडी मोडणं म्हणजे काय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्यात अडचण काय आहे?" मग म्हणाले, "शुक्रवारी मी स्वतः न्यायला येतो."

म्हणजे ज्या गिऱ्हाइकाच्या नावानं हे सगळं चाललं होतं त्या गिऱ्हाइकाला कुणी विचारलंच नव्हतं. माझा राग यानं कमी होईल असं वाटलं होतं. उलट वाढला.

संध्याकाळी पल्लवी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"तुमी मला तोंडघशी पाडलंत, काकी. पुढचं काम ते आपल्याला देतील का?"

"न्हाई दिलं तर न्हाई. हरणाबाईला काय बोललीस तू?"

"मी नीटच बोलले. आजी म्हणूनच बोलले."

"व्हय. आजी म्हणलीस आन् हाकललंस."

तिचे डोळे भरून आले. ते रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. "मी गटाचं बघत हुते," ती म्हणाली आणि वळून गेली. कोपऱ्यावर जाईपर्यंत मी तिची पाठ बघत राहिले. तिला हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.

बुधवारी पहाटे मी घागरा धुतल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळला. कुंकवाचा करंडा घेतला, ओटीचे तांदूळ, नारळ आणि एक छोटं निरांजन घेतलं. सगळं पिशवीत घालून डोंगर चढले. देवीपुढं नमस्कार केला. घरी मात्र परतले नाही. दिवा आज तासगावात, लेकीच्या घरी, हरणाबाईसमोर लावायचा असं मनात धरलं होतं. तोवर बोलायचं नाही.

स्टँडवर हे आधीच येऊन उभे होते. यांना मी काही सांगितलं नव्हतं. हातात भाकरीचं फडकं होतं.

"विट्याला गाडी बदलावी लागंल," ते म्हणाले. "लेक बेदाण्याच्या शेडवर कामाला जाती, पर म्हातारी घरीच आसंल. शेडच्या मागली वस्ती. कुणालाबी इचार..." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते थांबले.

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर आला. "कुठं जायचंय, मावशी?" त्यानं दोनदा विचारलं. खिडकीखालून यांनी पैसे वर केले.

"इट्याचं तिकीट द्या. त्या बोलत न्हाईत आजून."

"मुक्या हायत व्हय?"

"छ्या," हे म्हणाले. "काल लय बोलल्यात."

गाडी सुटली. मी पंच्याची गाठ चाचपून पाहिली, पिशवी छातीशी धरली आणि रस्त्याकडं बघत बसले.